सक्तीच्या प्रशिक्षणाचा हिशेब कसा मांडावा

वर्षअखेरीस प्रशिक्षण विभागाचा जो अहवाल व्यवस्थापनापुढे येतो, त्यात बहुधा तीन आकडे ठळक असतात: किती जणांना प्रशिक्षण दिले, दरडोई किती तास दिले आणि शेवटच्या दिवशी भरून घेतलेल्या अभिप्राय-पत्रकात पाचपैकी सरासरी किती गुण मिळाले. हे आकडे खरे असतात, पण त्यांतून एवढेच कळते, की माणसे वर्गात बसली होती आणि शिकवणारा त्यांना कंटाळवाणा वाटला नाही. कामावर परतल्यावर त्यांच्या हातून कमी चुका होऊ लागल्या का, तेवढ्याच वेळात अधिक काम होऊ लागले का, याचे उत्तर त्या अहवालात नसते. ज्या प्रशिक्षणाला जाणे माणसाच्या इच्छेवर सोडलेले नसते, त्याच्याबाबत तर हा प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण तिथे संस्थेने कर्मचाऱ्याचा वेळ त्याला न विचारता घेतलेला असतो.

पुढे दिलेली पद्धत मनुष्यबळ विभागात काम करणाऱ्यांसाठी, कारखान्याच्या किंवा शाखांच्या व्यवस्थापकांसाठी आणि शंभर-दोनशे माणसांचा उद्योग स्वतः चालवणाऱ्या मालकांसाठी आहे. तिला संख्याशास्त्रज्ञ लागत नाही. मस्टर, उत्पादनाची नोंदवही आणि गुणवत्ता विभागाचे रिजेक्शनचे (नाकारलेल्या मालाचे) तक्ते एवढे साहित्य पुरते. एक अट मात्र आहे, आणि ती पाळली नाही तर बाकीचे सारे व्यर्थ जाते: मोजणीची तयारी प्रशिक्षण सुरू होण्यापूर्वी झाली पाहिजे. शेवटची बॅच संपल्यावर 'आता याचा उपयोग झाला का ते बघा' असे कुणी सांगितले, तर प्रामाणिक उत्तर देण्याची संधी तोवर बहुतेक निघून गेलेली असते.

सक्ती कशासाठी आहे, ते आधी पाहा

सक्तीची सगळी प्रशिक्षणे उत्पादकतेसाठी नसतात. कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने ठरावीक काळाने जागृती कार्यक्रम घेण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. धोक्याच्या कामाचे सुरक्षा-प्रशिक्षण मिळणे हा कामगाराचा हक्क असल्याचे १९८७ च्या दुरुस्तीने कारखाने कायद्यात शब्दांत आणले. अन्नपदार्थ हाताळणाऱ्या दर २५ माणसांमागे किमान एक प्रशिक्षित अन्नसुरक्षा पर्यवेक्षक असावा, अशी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची अपेक्षा आहे. या प्रशिक्षणांना 'उत्पादन किती वाढले' ही पट्टी लावणे चुकीचे आहे, कारण त्यांचा हेतूच वेगळा आहे. मोजायचेच असेल तर त्या हेतूला धरून मोजावे. तिथेही आकड्यांचा अर्थ जपून लावावा लागतो. छळविरोधी कार्यशाळेनंतर अंतर्गत समितीकडे येणाऱ्या तक्रारी वाढल्या, तर कार्यशाळा फसली असा निष्कर्ष काढणारे व्यवस्थापक असतात, पण पूर्वी दबून राहिलेल्या तक्रारी आता योग्य जागी येऊ लागल्या असण्याचीच शक्यता अधिक असते. सुरक्षा-प्रशिक्षणानंतर 'थोडक्यात टळलेल्या' अपघातांच्या नोंदी वाढतात, त्याचेही असेच आहे.

काही प्रशिक्षणे ग्राहकाच्या ऑडिटसाठी किंवा अहवालासाठी होतात. शेअर बाजारात नोंदणी असलेल्या, बाजारमूल्याने पहिल्या एक हजार कंपन्यांना सेबीच्या नियमांनुसार जो जबाबदारी-अहवाल द्यावा लागतो, त्यात किती टक्के कर्मचाऱ्यांना सुरक्षिततेचे आणि कौशल्यवाढीचे प्रशिक्षण दिले, हे सांगावे लागते. ही माहिती द्यावीच, मात्र ती हजेरीची टक्केवारी आहे हे लक्षात ठेवावे.

राहिली ती तिसऱ्या प्रकारची प्रशिक्षणे, ज्यांची सक्ती कायद्याने किंवा ग्राहकाने केलेली नसून, काम सुधारेल या विश्वासाने व्यवस्थापनानेच केलेली असते: वेळेचे नियोजन, संवादकौशल्य, नवे सॉफ्टवेअर, समस्या सोडवण्याच्या पद्धती, सुपरवायझरांसाठी नेतृत्व. हा विश्वास खरा आहे की नाही, ते तपासता येते. यापुढचे सर्व विवेचन या तिसऱ्या प्रकाराविषयी आहे.

फरक कुठे दिसायला हवा, ते एका वाक्यात लिहा

प्रशिक्षणाचा प्रस्ताव मंजूर करण्यापूर्वी संबंधित विभागप्रमुखाकडून एक वाक्य लिहून घ्यावे. कोण, कोणते काम, आजच्यापेक्षा वेगळे कसे करू लागेल, आणि त्याचा परिणाम कोणत्या नोंदीत, किती आठवड्यांत दिसेल, एवढे त्या वाक्यात आले पाहिजे. उदाहरणार्थ, 'प्रेसशॉपमधील ऑपरेटर डाय (साचा) बदलल्यावर पहिला नग गेजवर (माप तपासण्याच्या साधनावर) तपासूनच पुढचे उत्पादन सुरू करतील, आणि त्यामुळे सेटिंगनंतरच्या पहिल्या तासातील रिजेक्शन आठ आठवड्यांत कमी होईल' हे वाक्य तपासता येते. 'कर्मचाऱ्यांची मानसिकता सकारात्मक होईल' हे वाक्य तपासता येत नाही, आणि ज्याचे अपेक्षित फळ असे सांगता येत नाही त्याची सक्ती करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना आवड आहे त्यांच्यासाठी ते ऐच्छिक ठेवावे.

हे वाक्य लिहिताना बऱ्याचदा मूळ अडचणच वेगळी असल्याचे लक्षात येते. ऑपरेटरला पहिला नग तपासायचा असतो हे ठाऊकच असते. पण तीन मशीनमागे गेज एक, आणि तोही झिजलेला. अशा वेळी दोन दिवसांचे वर्ग घेऊन काहीही साधत नाही, नवा गेज घेतला तर साधते. म्हणून शॉप फ्लोअरवर जाऊन, अनुभवी माणसांना साहेबांच्या गैरहजेरीत विचारावे, की हे काम त्यांना येत नाही म्हणून बिघडते, की येत असूनही करता येत नाही. पहिल्या कारणावर प्रशिक्षण हा उपाय आहे. दुसऱ्यावर नाही.

मोजण्यासाठी नोंद निवडताना, जी नोंद प्रशिक्षणाच्या आधीपासून ठेवली जात आहे तीच निवडावी. प्रशिक्षणासाठी म्हणून नवा तक्ता सुरू केला, तर जुन्या काळाशी तुलना करायला काही उरत नाही. एकूण उत्पादनापेक्षा तासाला निघणारे चांगले नग पाहावेत, कारण एकूण आकडा ओव्हरटाइमने आणि ऑर्डरींच्या चढउताराने हलतो. कार्यालयात किती फायली हातावेगळ्या झाल्या हे पाहताना, त्यांतल्या किती त्रुटी काढून परत आल्या हेही सोबत पाहावे. एकच आकडा धरला तर माणसे तो आकडा सांभाळतात आणि काम दुसरीकडे बिघडते. मागच्या किमान बारा आठवड्यांच्या नोंदी हाताशी असाव्यात. गणपती, दिवाळी, मार्चअखेर आणि पावसाळ्यातला वीज जाण्याचा काळ कोणत्या आठवड्यांत आला, याची खूण त्यावर आधीच करून ठेवावी.

आधीचे आणि नंतरचे आकडे का फसवतात

सर्वांत प्रचलित पद्धत म्हणजे प्रशिक्षणाआधीचा महिना आणि नंतरचा महिना यांची तुलना. ही पद्धत सोपी आहे आणि जवळजवळ नेहमीच प्रशिक्षणाच्या बाजूने कौल देते. त्यामागे कारण आहे. प्रशिक्षणाला आधी कुणाला पाठवले जाते? ज्या लाइनचे आकडे गेल्या महिन्यात घसरले, तिला. पण कोणत्याही लाइनचा सर्वांत वाईट महिना हा काही अंशी दुर्दैवाचा असतो: एक ब्रेकडाउन, खराब मालाचा एक लॉट, दोन अनुभवी माणसे एकाच वेळी रजेवर. पुढचा महिना काहीही न करता थोडा सुधारतो, आणि मधल्या काळात वर्ग झालेले असले तर श्रेय वर्गाला जाते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ ऑर्ली अशेनफेल्टर यांनी सरकारी प्रशिक्षण योजनांत भाग घेणाऱ्यांच्या कमाईचा अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांना हेच दिसले: प्रशिक्षणात येण्यापूर्वीच्या काळात या माणसांची कमाई खाली गेलेली होती. त्या खड्ड्यापासून मोजायला सुरुवात केली, की पुढची कोणतीही वाढ मोठी दिसते. या घसरणीला अर्थशास्त्रात आजही त्यांच्याच नावाने ओळखतात.

शिवाय हंगाम बदलतो, नवी मशीन येते, टार्गेट बदलते. माणसांकडे लक्ष दिले जात आहे एवढ्यानेही काही काळ काम सुधारू शकते. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या प्रयोगांवरून या परिणामाला हॉथॉर्नचे नाव मिळाले. त्या प्रयोगांच्या अर्थाविषयी पुढे अभ्यासकांत बराच वाद झाला, पण सावधगिरी म्हणून तो इशारा उपयोगी आहे.

रांगेचा उपयोग

मग तुलना कुणाशी करायची? येथे नेहमी एक आक्षेप येतो, की प्रशिक्षण सक्तीचे असल्यामुळे सगळ्यांनाच मिळणार, मग प्रशिक्षण न मिळालेला गट आणायचा कुठून? या आक्षेपाचे उत्तर सक्तीतच आहे. दोनशे माणसांना एकाच दिवशी वर्गात बसवता येत नाही. उत्पादन चालू ठेवायचे असते, वर्गात खुर्च्या तीसच असतात आणि शिकवणारा एकच असतो. म्हणजे बॅचेस पडणारच, कुणी आधी जाणार आणि कुणी नंतर. जे नंतर जाणार आहेत, ते त्यांची पाळी येईपर्यंत तुलनेचा गट असतात. फक्त आधी कोण आणि नंतर कोण हे साहेबांच्या पसंतीने, सोयीने किंवा कामगिरीवरून न ठरवता चिठ्ठ्या टाकून ठरवावे. या संपूर्ण लेखातील एकच गोष्ट करायची झाली, तर ही करावी. तिला खर्च जवळजवळ काहीच येत नाही, आणि तिच्याइतका विश्वासार्ह निष्कर्ष कोणतेही अभिप्राय-पत्रक देणार नाही.

चिठ्ठी माणसांच्या नावांची टाकावी की लाइनींची, हा पहिला निर्णय. शिकलेला माणूस शेजारच्याला शिकवतो, आणि ते चांगलेच आहे, पण त्यामुळे दोन गटांतील फरक पुसट होतो. नेदरलँड्समधील एका कॉल सेंटरमध्ये डे ग्रिप आणि झाउअरमान या अभ्यासकांनी चिठ्ठी पद्धतीने प्रशिक्षणाचा क्रम लावून जो अभ्यास केला (२०१२ साली तो प्रसिद्ध झाला), त्यात प्रशिक्षित कर्मचाऱ्यांची कामगिरी सुमारे १० टक्क्यांनी सुधारली, आणि ज्यांना प्रशिक्षण मिळाले नव्हते, पण ज्यांचे सहकारी शिकून आले होते, त्यांचीही थोडी सुधारली. म्हणून आपल्याकडे शक्य असेल तिथे संपूर्ण लाइन, संपूर्ण शाखा किंवा संपूर्ण शिफ्ट हा एक घटक धरावा. दहा लाइनी असतील तर पाच आधी, पाच नंतर. लाइनींचे काम फार वेगवेगळे असेल, तर साधारण सारख्या लाइनींच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीत एक चिठ्ठी काढावी.

चिठ्ठ्या सर्वांसमोर काढाव्यात, शक्य तर युनियनच्या प्रतिनिधीच्या हातून. असे का करत आहोत हे साध्या शब्दांत सांगावे: प्रशिक्षणाचा उपयोग होतो का ते आपल्याला पाहायचे आहे, कुणाचीही परीक्षा घ्यायची नाही, आणि बारा आठवड्यांच्या मोजणीत उपयोग दिसला तर दुसऱ्या गटालाही तेच प्रशिक्षण मिळेल. दुसऱ्या गटाचे इन्क्रिमेंट, इन्सेन्टिव्ह किंवा बढती या विलंबामुळे अडणार नाही, हे लेखी द्यावे. माणसांपासून लपवून केलेला प्रयोग पुढच्या दहा वर्षांचा विश्वास घालवतो.

हे केवळ परदेशात होते असे नाही. मुंबईजवळच्या तारापूर आणि उंबरगाव येथील कापड गिरण्यांत निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. सल्लागारांनी सर्वच गिरण्यांची एक महिना पाहणी केली, आणि चिठ्ठीने निवडलेल्या गिरण्यांना पुढे चार महिने चांगल्या व्यवस्थापन पद्धती, म्हणजे साठ्याची नोंद, दोषांचा रोजचा आढावा, मशीनची नियमित निगा, अशा गोष्टी प्रत्यक्ष बसवून दिल्या. या गिरण्यांची उत्पादकता पहिल्या वर्षात इतरांच्या तुलनेत १७ टक्क्यांनी वाढली. ते वर्गातले प्रशिक्षण नव्हते, माणसांच्या शेजारी उभे राहून दिलेली शिकवण होती, आणि हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

आता हिशेब. समजा, पहिल्या गटाच्या लाइनींवर प्रशिक्षणापूर्वीच्या बारा आठवड्यांत तासाला सरासरी ५२ चांगले नग निघत होते आणि नंतरच्या बारा आठवड्यांत ५७ निघाले. 'पाच नगांची वाढ' असे कुणीही म्हणेल. पण त्याच काळात, अजून प्रशिक्षण न झालेल्या दुसऱ्या गटात ५१ वरून ५४ झाले असतील, तर तीन नगांची वाढ प्रशिक्षणाविनाच झालेली आहे. प्रशिक्षणाच्या खात्यावर दोनच नग जमा होतात, म्हणजे चार टक्क्यांहून किंचित कमी. हे दोन नग तरी खरे आहेत का, हे पाहण्यासाठी मागच्या नोंदींत एखादी जुनी तारीख निवडावी आणि प्रशिक्षण त्या दिवशी झाले होते असे मानून हाच हिशेब करावा; अशा चार-पाच जुन्या तारखांवर करावा. काहीच घडले नव्हते त्या काळातही दोन गटांतला फरक दोन-दोन नगांनी वरखाली होत असेल, तर आपल्या दोन नगांवर कोणताही दावा करता येत नाही. जुने फरक अर्ध्या नगाच्या आत राहत असतील, तर दोन नग दखल घेण्याजोगे आहेत.

चिठ्ठी टाकायची वेळ निघून गेली असेल, तर तारखांचा आधार घेता येतो. अमेरिकेतील सान डिएगो येथील विद्यापीठाच्या आरोग्यसेवेत सुमारे १९,५०० कर्मचाऱ्यांना आठ महिने बनावट फसवे ईमेल पाठवून जो अभ्यास झाला आणि २०२५ साली मांडला गेला, त्यात संशोधकांनी हेच केले. दरवर्षीचे सक्तीचे सायबर-सुरक्षा प्रशिक्षण प्रत्येकाने वेगवेगळ्या तारखेला पूर्ण केले होते. ज्यांनी ते नुकतेच केले होते ते फसण्याचे प्रमाण, आणि ज्यांना ते करून बरेच महिने झाले होते ते फसण्याचे प्रमाण, यांत उल्लेखनीय फरक आढळला नाही. फसव्या ईमेलवर क्लिक केल्यावर लगेच दाखवल्या जाणाऱ्या शिकवणीचाही परिणाम १.७ टक्क्यांइतकाच होता. ज्या संस्थेकडे प्रशिक्षण पूर्ण केल्याच्या तारखा आणि चुकांच्या नोंदी दोन्ही आहेत, तिला ही तुलना एका दुपारी करता येईल.

पंधरा-वीस माणसांच्या वर्कशॉपमध्ये यातले बरेचसे शक्य नसते. तिथे एकेका माणसाला आठवड्याच्या अंतराने शिकवावे, प्रत्येकाची आठवड्याची नोंद ठेवावी, आणि सुधारणा प्रत्येकाच्या बाबतीत त्याच्या त्याच्या पाळीनंतरच सुरू होते का, एवढे पाहावे.

मधल्या पायऱ्या

अंतिम आकडा हलला नाही, तर का हलला नाही हे कळण्यासाठी मधले टप्पे पाहावे लागतात. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून मांडलेली चार पातळ्यांची मांडणी प्रशिक्षण क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक असते: प्रतिक्रिया, शिकणे, वागणुकीतील बदल आणि परिणाम. प्रत्यक्षात मोजणी पहिल्या पातळीवरच थांबते, कारण ती शेवटच्या दिवशी चहासोबत उरकता येते.

शिकणे मोजायचे असेल तर परीक्षा वर्गाच्या शेवटी घेऊ नये, सहा आठवड्यांनी घ्यावी. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवले, की उजळणी न केलेले पाठांतर पहिल्या काही दिवसांतच झपाट्याने विसरले जाते. आणि ही परीक्षा कागदावर नको. ऑपरेटरला मशीनसमोर उभे करून 'आता सेटिंग करून दाखवा' असे सांगावे, कारकुनाला प्रत्यक्ष अर्ज देऊन तो नव्या प्रणालीत भरायला सांगावा. राज्य शासनाच्या सेवेत संगणकाच्या अर्हतेसाठी एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र चालते. ते अनेकांना उपयोगी पडले आहे, पण प्रमाणपत्र मिळाल्यानंतर कोण स्वतः टिपण टंकतो आणि कोण ते शेजारच्याकडून टंकून घेतो, हे टेबलाजवळ उभे राहिल्यावरच दिसते.

वागणुकीतला बदल पाहण्यासाठी पाच-सहा मुद्द्यांची छोटी यादी करावी, आणि कोणती लाइन आधी शिकली हे ठाऊक नसलेल्या माणसाला, वेगवेगळ्या शिफ्टमध्ये, न सांगता ती भरायला द्यावी. याच टप्प्यावर मला सर्वांत जास्त शिकायला मिळाले. एका कारखान्यात पहिला नग तपासण्याचे प्रशिक्षण उत्तम झाले होते, सहा आठवड्यांनंतरच्या चाचणीत जवळजवळ सगळे उत्तीर्ण झाले, तरीही सेटिंगनंतरचे रिजेक्शन होते तिथेच राहिले. रात्रपाळीला दोन वेळा जाऊन उभा राहिलो तेव्हा कारण कळले. शिफ्टचा सुपरवायझर डाय बसताच ओरडत होता, 'आधी आकडा काढ, गेज नंतर.' त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. त्याच्याकडून रोज सकाळी फक्त आकडाच विचारला जात होता. ज्याच्या हाताखाली माणसे काम करतात त्याला त्याच प्रशिक्षणात आधी बसवले नाही, आणि त्याला विचारले जाणारे प्रश्न बदलले नाहीत, तर खालच्या माणसांना शिकवलेले टिकत नाही. तेव्हापासून मी सुपरवायझरांची बॅच संपल्याशिवाय ऑपरेटरांची बॅच सुरू करू देत नाही.

भाषेचाही विचार करावा. स्लाइड इंग्रजीत, शिकवणारा हिंदीत आणि समोर मराठी, ओडिया, भोजपुरी बोलणारी माणसे, असे वर्ग औद्योगिक वसाहतींत सर्रास होतात. कुणी प्रश्न विचारत नाही म्हणजे सगळ्यांना समजले, असा अर्थ काढला जातो. कंत्राटी कामगारांना तर पुष्कळदा यादीतूनच वगळलेले असते, आणि मशीनवर तेच उभे असतात.

खर्च पूर्ण धरा

खर्च म्हणजे प्रशिक्षण संस्थेचे बिल, असे समजले जाते. समजा, दहा लाइनींवरच्या १२० माणसांना प्रत्येकी १६ तास शिकवले आणि एका तासाचा मजुरीखर्च, सर्व देणी धरून, १५० रुपये आहे. १,९२० तासांचे २,८८,००० रुपये झाले. शिकवणाऱ्या संस्थेचे १,२०,००० आणि गैरहजर माणसांच्या जागी ओव्हरटाइमने भरलेल्या कामाचे ९२,०००. एकूण ५ लाख. बिल त्याच्या चौथ्या भागाहूनही कमी होते.

आता फायदा. आपण वर काढलेले तासाला दोन नग, दहा लाइनी, महिन्याचे २०० तास, आणि एका नगामागे कच्चा माल व वीज वजा जाता सुटणारे ६ रुपये. महिन्याला २४,००० रुपये होतात. पाच लाख वसूल व्हायला जवळजवळ २१ महिने लागतील. त्या काळात शिकलेल्यांपैकी तिसरा हिस्सा नोकरी सोडून गेला, किंवा शिकलेले हळूहळू विसरले गेले, तर वसुली आणखी लांबेल, कदाचित होणारच नाही. वाढीव नगांना ऑर्डर नसेल तर नगांऐवजी वाचलेले तास आणि कमी झालेला ओव्हरटाइम हाच फायदा धरावा. नगाची विक्रीची किंमत धरून फायदा काढलेले तक्ते मी पाहिले आहेत. ते बाजूला ठेवावेत.

उलट बाजूही आहे. बंगळुरूच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत शिलाई करणाऱ्या महिलांना संवाद, वेळेचे नियोजन, समस्या सोडवणे अशा गोष्टींचे जे प्रशिक्षण दिले गेले, त्याचा चिठ्ठी पद्धतीने अभ्यास झाला, आणि कंपनीला खर्चाच्या कितीतरी पट परतावा मिळाल्याचे दिसले. 'सॉफ्ट स्किल' म्हटले की नाक मुरडणाऱ्या कारखानदारांनी हा अभ्यास जरूर पाहावा. मात्र त्या महिलांच्या पगारात झालेली वाढ अगदी किरकोळ होती. वाढलेल्या उत्पादकतेतला काही वाटा ती वाढवणाऱ्या हातांना मिळायला हवा, आणि तो किती मिळाला ही ओळही आपल्या अहवालात असावी.

सक्तीचा परिणाम वेगळा काढा

बंगळुरूच्या त्या प्रशिक्षणात आणखी एक गोष्ट होती: चिठ्ठी टाकली गेली ती ज्यांनी स्वतःहून इच्छा दाखवली होती त्यांच्यात. सक्ती असती तर निकाल तोच आला असता का, हा वेगळा प्रश्न आहे. अमेरिकेतील कंपन्यांच्या सक्तीच्या विविधता-प्रशिक्षणांचा फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कॅलेव्ह यांनी २०१६ साली जो आढावा मांडला, त्यात सक्ती केलेल्या कंपन्यांत पाच वर्षांनंतर काही वंचित गटांचे व्यवस्थापनातील प्रमाण वाढण्याऐवजी घटलेले दिसले, तर ऐच्छिक प्रशिक्षणाचे परिणाम बरे होते. विषय वेगळा आहे, आणि म्हणून हा निष्कर्ष प्रेसशॉपला जसाच्या तसा लावू नये. पण माणसावर काही लादले की तो आतून विरोध करतो, हे आपल्या वर्गांतही दिसते, विशेषतः प्रशिक्षण साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ठेवले असेल तेव्हा.

हे तपासण्यासाठी दहा शाखांपैकी पाच शाखांत तोच अभ्यासक्रम सक्तीचा आणि पाच शाखांत ऐच्छिक ठेवावा, शाखा चिठ्ठीने निवडाव्यात, आणि तुलना संपूर्ण शाखेच्या कामाची करावी. ऐच्छिक शाखेतल्या फक्त जाणाऱ्यांचे आकडे घेतले तर तुलना बिघडते, कारण जाणारे मुळातच उत्साही असतात. ऐच्छिक शाखांत निम्मेच लोक जाऊनही शाखेचे काम तेवढेच सुधारले, तर सक्तीचा आग्रह सोडायला हरकत नाही. निम्मा खर्च वाचला.

ऑनलाइन अभ्यासक्रमांत सक्तीचे रूप तासांच्या उद्दिष्टाचे असते. केंद्र सरकारने २०२० साली मंजूर केलेल्या मिशन कर्मयोगीखाली ऑक्टोबर २०२४ मध्ये जो कर्मयोगी सप्ताह झाला, त्यात प्रत्येक कर्मचाऱ्याने किमान चार तास शिकावे असे उद्दिष्ट होते. मोठ्या यंत्रणेला सुरुवात करण्यासाठी असे उद्दिष्ट लागते, हे मान्य आहे. पण आपल्या संस्थेत असे तास मोजत असाल, तर एखाद्या अभ्यासक्रमाची सगळी पाने किती जणांनी वाचायला लागणाऱ्या किमान वेळेपेक्षाही कमी वेळात पुढे ढकलली, आणि जेवणाच्या सुट्टीत किंवा रात्री अकरानंतर किती जणांनी तो उरकला, ही नोंद प्रणालीतून काढून पाहावी. ती मिळवणे सोपे आहे.

दुसऱ्या गटाच्या आधी

मोजणी करणारी व्यक्ती प्रशिक्षण देणारी किंवा ते विकत घेणारी नसावी. कॉस्टिंग किंवा गुणवत्ता विभागातील कुणाकडे हे काम द्यावे. किती फरक दिसला तर प्रशिक्षण चालू ठेवायचे, हा आकडा पहिल्या बॅचच्या आधी ठरवून, सही करून, पाकिटात बंद करून ठेवावा, कारण निकाल समोर आल्यावर प्रत्येकाला आपला आकडा पुरेसा वाटू लागतो.

पहिल्या गटाचे बारा आठवडे संपल्यावर, दुसऱ्या गटाच्या पहिल्या वर्गाच्या किमान एक आठवडा आधी, एक बैठक ठेवावी आणि तिची तारीख सुरुवातीच्याच वेळापत्रकात छापावी. त्या बैठकीत पाकीट उघडावे, दोन्ही गटांचे आकडे शेजारी शेजारी मांडावेत, आणि लाइनवरच्या दोन-तीन माणसांनाही बसवावे. माणसे शिकली, वागणूक बदलली आणि आकडाही हलला असेल, तर दुसरा गट ठरल्याप्रमाणे सुरू होईल. शिकली पण वागणूक बदलली नसेल, तर दुसरा गट थांबवून सुपरवायझर, गेज, टार्गेट यांपैकी काय आड आले ते आधी दूर करावे. शिकलीच नसतील, तर अभ्यासक्रम किंवा त्याची भाषा बदलावी. आणि वागणूक बदलूनही आकडा हलला नसेल, तर मुळात लिहिलेले ते एक वाक्यच चुकीचे होते, हे मान्य करून दुसऱ्या गटाला कळवावे, की हे प्रशिक्षण आता होणार नाही आणि त्यांचे सोळा तास त्यांच्या कामासाठी मोकळे आहेत.